हरवली कोण होती?

गेल्या महिन्यात माझ्याकडे एका मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची प्रूफं आली. माझं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. अर्थात डोकं घालायचे पैसे मला कुणी देत नाही. पण चौथ्या प्रकरणात पेन अडलं. ‘आयडेंटिटी’ या एकाच शब्दासाठी एकाच पानावर तीन शब्द आले होते. वर ‘अस्मिता’, मधे ‘स्व-ओळख’ आणि तळाला चक्क ‘तादात्म्य’. समासात लिहिलं, ‘काहीतरी एक ठरवा’, आणि पान उलटलं. मग परत मागे आले.

अस्मितेवर माझा आधीपासूनच राग आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच मागे उभी. पाहणारा आणि ज्याने पाहायचं ते साधन, ही दोन्ही एकच आहेत असं वाटू लागणं म्हणजे अस्मिता. ज्याच्यापासून सुटका करून घ्यायची असा तो प्रकार, आणि आज भाषणांत तोच शब्द छाती पुढे काढून येतो. तादात्म्याचं तर विचारूच नका. तादात्म्य म्हणजे दुसऱ्याशी एकरूप होणं. मी आयुष्याची पहिली वीसेक वर्षं बरोबर त्याच्या उलट खटपटीत घालवली.

कारण मी जुळी आहे. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्यांपैकी. बहीण माझ्याहून सात मिनिटांनी मोठी, त्यामुळे घरात ती ‘मोठी’ आणि मी ‘धाकटी’. खरी नावं शाळेच्या हजेरीपुरती. आज आम्ही दोघी एक्कावन्न वर्षांच्या आहोत आणि ती सात मिनिटं अजून भरून निघालेली नाहीत.

संपादकांनी शेवटी ‘ओळख’ ठेवला. मला तो फार आवडला, कारण मराठीत ओळख एकट्याने होत नाही. ‘माझी त्यांची ओळख आहे’ म्हणताना निदान दोघं लागतात. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये जे मांडलं ते साधारण हेच. समोरच्याला आपण कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो, त्यावर तो काय मत बनवत असेल याचीही कल्पना करतो, आणि त्या कल्पनेवरून आपल्याला अभिमान तरी वाटतो नाहीतर लाज तरी. लोक म्हणजे आपला आरसा. गंमत अशी की यात समोरच्याला खरोखर काय वाटतं याची गरजच पडत नाही, सगळा कारभार आपल्या अंदाजावर.

खऱ्या आरशाचीही गोष्ट त्या प्रकरणात होती. 1970 साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना आधी आरशाची सवय होऊ दिली, मग भूल देऊन त्यांच्या भुवईला आणि कानाला लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून त्यांनी हात लावला तो स्वतःच्या डागाला. दोन वर्षांनी ब्यूला ॲम्स्टरडॅम यांचा बाळांवरचा अभ्यास आला. नाकाला लाली लावायची, आरशापुढे ठेवायचं आणि बघत बसायचं. 3 ते 24 महिन्यांची 88 मुलं होती. अगदी लहान बाळं आरशातल्या बाळाशी खेळायला जातात. नंतर एक काळ असा येतो की मूल आरशाला बिचकतं, लाजतं, तोंड फिरवतं. आणि दीड ते दोन वर्षांच्या सुमारास कधीतरी हात सरळ स्वतःच्या नाकाकडे जातो.

आई सांगते की मी अडीच वर्षांची होते तेव्हा कपाटाच्या आरशापुढे उभी राहून ‘मोठी, घे’ म्हणत हातातला ठोकळा पुढे करत होते. ठोकळा काचेवर आपटला, मोठी काही घेईना, म्हणून मी भोकाड पसरलं. मोठी त्या वेळी मागे पलंगावर झोपलेली होती. माझ्या नाकाला कुणी लाली लावली असती, तर मी खात्रीने मोठीचं नाक पुसायला धावले असते.

(या चाचणीत नापास होणाऱ्या मुलाला ‘मी’ कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. केनियातल्या ग्रामीण भागातली, वयाने बरीच मोठी मुलंसुद्धा डाग पाहून नुसती थिजून उभी राहिली, हात लावायला तयार होईनात. स्वतःला न ओळखण्यापेक्षा ‘आता माझ्याकडून नेमकं काय हवंय यांना?’ असा तो थिजलेपणा असावा, असं संशोधकांना वाटलं. मला तो अगदी समजतो.)

फोटोंचं दुखणं अजून गेलेलं नाही. आमच्या लहानपणीच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. दोन मुली, सारखे झगे, सारखे लाल बूट, दोघींच्याही कपाळावर आठ्या. बाबांनी काही फोटोंमागे ‘डावीकडून मोठी, धाकटी’ असं लिहून ठेवलंय, यामागे लिहिलेलं नाही. मी हा फोटो कितीदा तरी निरखला असेल. त्यातली मी कोणती, मला सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये जाणणारा मी आणि जाणला जाणारा मी अशी फोड केली होती. माझ्यातला जाणणारा त्या फोटोपुढे दर वेळी हात टेकतो.

त्या लाल बुटांशी एक प्रसंग जोडलेला आहे. आम्ही साडेचार वर्षांच्या असताना एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर मी हरवले होते. गर्दीत आईचा हात सुटला. एका गणवेशातल्या माणसाने मला बाकावर बसवलं आणि रडू थांबावं म्हणून गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे हलवत राहिला. शिट्टी पितळी होती, दोरी काळी. माझ्या एका पायात बूट नव्हता आणि मोज्याला ओल लागली होती. हे सगळं मला लख्ख दिसतं. बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली, पण ते असेपर्यंत पाहुण्यांना ही गोष्ट नेहमी सांगायचे, ‘आमची पोर हरवली होती एकदा’ अशी सुरुवात करून. मी भित्री का, याचं उत्तर माझ्यापुरतं तिथेच होतं.

कारण घरात वाटणी झालेली होती. मोठी धीट, धाकटी भित्री. मोठी बोलकी, धाकटी गप्प. मोठी आधी बोलायला लागली म्हणे, तेही दोन आठवड्यांनी. दोन आठवड्यांच्या भांडवलावर दोन माणसांचे स्वभाव ठरले!

हे फक्त जुळ्यांच्या नशिबी असतं असंही नाही. फ्रान्सेस शाख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली भावंडांवर अभ्यास केला. भावंडं एकमेकांपासून मुद्दाम फटकून वेगळी होतात, आणि हे पहिल्या दोघांत, त्यातही दोघी बहिणी किंवा दोघे भाऊ असतील तर जास्त दिसतं. जितकं साम्य जास्त, तितकी कुंपण घालायची घाई. एकीने एक जागा धरली की दुसरी आपसूक दुसरीकडे सरकते. तिच्या डोळ्यांनी पाहिलं तर ती जागा तिने स्वतः निवडलेली असते.

माझ्या बाबतीत ती सरकण्याची तारीखच सांगता येईल इतकं ते स्पष्ट आहे. आठ वर्षांच्या होतो. दोघी जमिनीवर पालथ्या पडून घोडा काढत होतो, दोघींच्या मधे एकच खोडरबर. माझ्या घोड्याचे मागचे पाय पुढे वाकले होते, तिच्या घोड्याचे बरोबर मागे. शेजारच्या काकू वाकून बघून म्हणाल्या, ‘अरे वा, ही चित्रकार होणार बरं का!’ आणि माझ्या कागदाकडे बघून, ‘आणि तू गं, तू काय वाचतेस का?’ मी वाचत नव्हते. मी घोडा काढत होते. पण दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागले. त्यानंतर मी जवळपास तीस वर्षं चित्र काढलं नाही, आणि आज माझं पोट वाचण्यावर चालतं. काकूंवर रागावू की त्यांचे आभार मानू, ते अजून ठरत नाही.

सुझन हार्टर यांनी मुलं स्वतःचं वर्णन कसं करतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘तू कोण?’ विचारलं तर यादी मिळते. मी पळते, माझ्याकडे लाल बूट आहेत, मला शंभरपर्यंत मोजता येतं. शेवटचं बहुधा खोटं असतं, पण मुलाच्या लेखी खोटं नसतं, कारण व्हावंसं वाटणं आणि असणं यांच्यात त्याने अजून भिंत घातलेली नसते. सात-आठच्या सुमारास भिंत येते आणि तिच्यासोबत ‘पेक्षा’ हा शब्द येतो. मी तिच्यापेक्षा हळू, त्याच्यापेक्षा हुशार. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्या माणसाच्या वाढीच्या आठ टप्प्यांच्या मांडणीत शाळकरी वयाचा झगडा उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा आहे. पुस्तकात तो छान चौकटीत छापलाय. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मागचे पाय पुढे वाकलेला घोडा येतो.

एरिक्सन यांच्यावर त्या पुस्तकात दोन परिच्छेद आणि एक तक्ता होता. तक्ता मी तीनदा तपासला (‘स्वायत्तता’मधला एक त दर वेळी गळलेला). पण मला धरून ठेवलं ते त्या माणसाच्या चरित्राने. 1902 मध्ये फ्रँकफुर्टला जन्म. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता कोण ते त्यांना आयुष्यभर कळलं नाही. ज्या बालरोगतज्ज्ञाने लहानपणी उपचार केले त्याच्याशीच आईने लग्न केलं आणि त्याचं होम्बर्गर हे आडनाव मुलाला लागलं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातली मुलं त्याला ‘तू आपल्यातला नाहीस’ म्हणून चिडवायची आणि शाळेतली मुलं ‘तू ज्यू आहेस’ म्हणून. दोन आरसे, दोन वेगळे चेहरे, दोन्हींत हाच उपरा.

शाळा संपल्यावर विद्यापीठात न जाता हा मुलगा चित्रं काढत युरोपभर भटकला. पंचविशीत व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत मास्तर म्हणून लागला, तिथे ॲना फ्रॉइड यांच्या हाताखाली मनोविश्लेषण शिकला. 1933 मध्ये अमेरिकेला गेला आणि 1939 मध्ये तिथलं नागरिकत्व घेताना नवं आडनाव घेतलं, एरिक्सन. म्हणजे एरिकचा मुलगा. बापाची जागा रिकामी होती, तिथे त्याने स्वतःलाच बसवलं. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा आज कुणीही कशालाही लावतो तो शब्दप्रयोग याच माणसाने रुजवला. दुसऱ्या महायुद्धात खचलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांना दिसलं की या माणसांना आपलं नाव-गाव आठवतंय, पण कालचा मी आणि आजचा मी एकच आहोत ही जाणीव हातातून निसटलीय. मग तीच निसटण त्यांना पौगंडावस्थेतल्या मुलांत सौम्य रूपात, आणि बहुतेक वेळा वयाला साजेशी, दिसू लागली. 1950 सालच्या त्यांच्या पुस्तकात आठही टप्पे आहेत. पाचवा टप्पा ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ.

तक्त्यामुळे वाटतं की हे टप्पे म्हणजे परीक्षा आहेत, पास झालं की पुढच्या वर्गात. त्यांच्या म्हणण्यात तसं नाही. पहिल्या टप्प्यातले विश्वास आणि अविश्वास दोन्ही थोडेथोडे लागतात, आणि जुना झगडा पुढच्या प्रत्येक टप्प्यात नवे कपडे घालून परत येतो.

आमच्या पौगंडावस्थेचा मुख्य प्रसंग म्हणजे कात्री. चौदाव्या वर्षी एका दुपारी मी कागद कापायच्या कात्रीने माझ्या दोन्ही वेण्या मानेलगत कापल्या. कात्री बोथट होती. एकेक वेणी कापायला इतका वेळ लागला की मधे विचार बदलायला भरपूर सवड होती, पण एक कापून झाल्यावर मागे फिरणार कुठे? आई काही बोलली नाही, तिने फक्त कडा सारख्या केल्या. शाळेत सगळे म्हणाले, ‘बरं झालं, आता ओळखता येतं.’ मी अकरा दिवस सुखात होते. बाराव्या दिवशी मोठी तसेच केस कापून घरी आली. मी तिच्याशी तीन आठवडे बोलले नाही. तिचं म्हणणं, ‘तू एकटीनेच का वेगळं दिसायचं?’ आजही या वाक्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये या वयाबद्दल दोन कल्पना मांडल्या. एक, काल्पनिक प्रेक्षक. सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं किशोरवयीन मुलाला वाटतं. दुसरी, आपली अशी दंतकथा, की माझ्यासारखं दुःख आजवर कुणी भोगलेलंच नाही. पहिलीचा अनुभव मोठेपणीही जात नाही. 2000 साली टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाजिरवाणं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. चित्र कोणाचं ते खोलीतल्या निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना सांगता आलं. आमचे प्रेक्षक मात्र काल्पनिक नव्हते. आम्ही कुठेही गेलो की लोक खरंच थांबून बघायचे, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे, आणि मग फरक शोधण्याचा खेळ. त्यांनी शोधलेले सगळे फरक माझ्या लक्षात आहेत. डाव्या भुवईतला तीळ माझा.

हार्टर यांचं एक निरीक्षण मात्र मला त्या वयात कुणीतरी सांगायला हवं होतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला विचारलं तर ती सांगते की मैत्रिणींत मी हसरी आणि घरात घुमी, आणि यात काही विसंगत आहे असं तिला वाटत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी विसंगती दिसायला लागते, पण ती सोडवायची हत्यारं अजून हाती आलेली नसतात. म्हणून ‘यातली खरी मी कोणती?’ हा प्रश्न नेमका तेव्हा सर्वांत जास्त छळतो. थोडं पुढे गेल्यावर ‘माणूस माणसाप्रमाणे बदलतो, चालायचंच’ असं म्हणण्याइतकी बुद्धी येते. मी वाचनालयात बडबडी होते. घरी गप्प, कारण घरातली बडबडीची जागा भरलेली होती. पंधराव्या वर्षी मला वाटायचं, मी कुठेतरी ढोंग करतेय, फक्त कुठे ते सापडत नाहीये.

आता जप्तीची गोष्ट. जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये एरिक्सन यांची पसरट कल्पना मोजता येईल अशी केली. कॉलेजातल्या मुलग्यांच्या (हो, फक्त मुलग्यांच्या) मुलाखती घेऊन त्यांनी व्यवसाय, धर्म आणि राजकारण याबद्दल दोनच गोष्टी तपासल्या. पर्याय धुंडाळलेस का, आणि काही ठरवलंस का? दोन प्रश्नांतून चार अवस्था निघाल्या. धुंडाळलंही नाही नि ठरवलंही नाही, ती विखुरलेली ओळख. धुंडाळणं चालू आहे पण ठरत नाही, तो मोरॅटोरियम. धुंडाळून ठरवलं, ती कमावलेली ओळख. आणि न धुंडाळताच ठरवून टाकलं, म्हणजे आईवडिलांनी दिलेलं तसंच उचललं, ते फोरक्लोजर.

अनुवादकाने फोरक्लोजरचं भाषांतर केलं होतं ‘ओळखीची जप्ती’. कर्जाच्या कागदपत्रांतला अर्थ उचललेला. मी मोठ्याने हसले, लाल रेघ मारली आणि मग पेन हातात धरून बसून राहिले. कारण चुकीने का होईना, बरोबर लिहिलं होतं त्याने. मोरॅटोरियमही कर्जाचाच शब्द, हप्ते थांबवण्याची सवलत. मोठ्या माणसाने फेडायची देणी समाज काही वर्षं लांबवतो आणि पोराला भटकू देतो, असं एरिक्सन यांना म्हणायचं होतं. स्वतः वह्या घेऊन युरोपभर हिंडलेल्या माणसाला ती सवलत काय असते ते चांगलं माहीत होतं. आणि जिला ती मिळत नाही तिची जप्ती होते. पुस्तकात शेवटी ‘अकाली बंदिस्त ओळख’ छापलंय. नियमाने ते बरोबर आहे.

मोठीची जप्ती आठवीतच झाली. छान बोलते म्हणून वकील होणार, असं घराने ठरवलं, तिने ठरवलं, आणि ती झालीही. मार्शिया यांना या गटातली मुलं अधिकार आणि आज्ञापालन यांना जास्त मानणारी आढळली, पण अशी माणसं दिसायला अगदी ठाम असतात, घरादाराला त्यांचं कौतुक असतं. मी सव्विसाव्या वर्षापर्यंत तीन अभ्यासक्रम अर्धवट सोडले, आणि प्रत्येक वेळी मोठीचं उदाहरण ऐकलं. मग पंचेचाळिसाव्या वर्षी तिने वकिली सोडली. आता मुलांना गणित शिकवते आणि, तिच्या शब्दांत, ‘प्रथमच दुपारी कंटाळा येत नाही’. हे चार कप्पे म्हणजे चार प्रकारची माणसं नाहीत, हे मार्शिया यांच्या चाहत्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. कमावलेली ओळखही पुन्हा उसवते आणि पुन्हा शोध सुरू होतो, असं खुद्द मार्शियांनीही पुढे मांडलं. अनेक अभ्यास एकत्र करून 2010 मध्ये पाहिलं तेव्हा विशी ओलांडलेल्यांतही कितीतरी जण ‘कमावलेल्या’ कप्प्यात पोचलेलेच नव्हते.

प्रकरणाच्या शेवटी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स होते. 1985 पासून ते म्हणत आलेत की ओळख म्हणजे आपण स्वतःला सांगत असलेली आपली गोष्ट. टिल्मन हाबरमास आणि सुझन ब्लक यांनी 2000 साली त्यात भर घातली. आठ-दहा वर्षांचं मूल एखादा प्रसंग सुरेख सांगतं, पण सगळं आयुष्य एका सुतात ओवून, ‘हे झालं म्हणून मी अशी झाले’ असं सांगणं पौगंडावस्थेतच जमायला लागतं. हे वाचल्यावर मी माळ्यावरून माझी पंधराव्या वर्षीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. निळ्या शाईत, दोनदा अधोरेखित: ‘मी लहानपणी हरवले होते. म्हणूनच मला गर्दीची आणि माणसांची भीती वाटते.’ म्हणूनच! पुस्तकातलं उदाहरण म्हणून छापावं असं वाक्य.

कौतुकाने मोठीला फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “तू? तू कुठे हरवलीस? मी हरवले होते.”

मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिने शिट्टी सांगितली. पितळी, काळ्या दोरीची. बूट सांगितला, ओला मोजा सांगितला. “म्हणून तर मी धीट झाले,” ती म्हणाली. “साडेचार वर्षांची असताना मी एकटी राहून दाखवलंय, तर कोर्टात उभं राहायला कसली भीती? पहिल्या केसच्या आदल्या रात्री मी ते बाक आठवत बसले होते.”

एकच बाक, एकच शिट्टी. मी त्यावर सेहेचाळीस वर्षं माझा भित्रेपणा उभा केला आणि तिने तिचा धीटपणा.

असं होतं, हेही कुणीतरी अभ्यासून ठेवलंय. 2001 मध्ये मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी जुळ्यांच्या 20 जोड्यांना आठवणी सांगायला लावल्या, आणि बहुतेक जोड्यांत निदान एक आठवण अशी निघाली की दोघंही म्हणत होते, ‘हे माझ्या बाबतीत घडलं.’ पुढच्या अभ्यासात दिसलं की पराक्रम आणि हाल माणसं स्वतःकडे ओढतात, आगळिकी भावंडाच्या नावावर टाकतात. मी हे मोठीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तेच तर म्हणतेय. हाल माझे, ओढलेस तू.” वकिली सोडली म्हणे.

शेवटी तिने आईला फोनवर घेतलं. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, कान थोडे कमी ऐकतात, आठवण पक्की आहे. दोघींनी एकदमच विचारलं, ‘आई, स्टेशनवर हरवली कोण होती?’

“कोण ते मला तेव्हाही कळलं नव्हतं,” आई म्हणाली. “तो माणूस एकीला घेऊन आला, मी दोघींना धरून खालीच बसले. कोण कुठली ते बघायचं भान होतं कुणाला? नंतर विचारलं तर दोघी म्हणालात, ‘मी.’”

“दोघी?”

“दोघी. एक मात्र पक्कं आठवतं. जी हरवली ती गप्प होती. शिट्टी हातात घेऊन बघत होती. माझ्याजवळ होती ना, तिचं रडणं काही केल्या थांबेना.”

बराच वेळ तिघींपैकी कुणीच बोललं नाही. मग मोठीने विचारलं, “आणि बूट? बूट कुणाचा गेला होता?”

“एक गेला, तीन राहिले,” आई म्हणाली. “सगळे एका मापाचे. कुणाचा गेला ते कसं कळणार? दुसऱ्या दिवशी दोघींना नवे आणले.”